डबीवरचा धागा

७ जून

...आणि तू फक्त फोन करू नकोस म्हणालास, दादा. पत्राचं काही बोलला नाहीस, म्हणून पत्र. तू फोन ठेवलास तेव्हा माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं. ते असं होतं: मला तुझ्याकडून एक पान लिहून हवंय, बास.

कशासाठी ते आता शांतपणे वाच. तुला घर सोडून दोन वर्षं झाली, त्यामुळे कदाचित कानावर आलं नसेल. इथे नवा नियम आणायचं चाललंय. दुरुस्तीला आलेली बंदूक मालकाला परत देण्याआधी सात दिवस थांबायचं. आणि घरातल्या कोणी त्या माणसाविरुद्ध मारहाणीची तक्रार केलेली असेल, तर पोलिसांनी हो म्हटल्याशिवाय द्यायचीच नाही. एवढंच. बंदुका काढून घ्या असं कोणीच म्हणत नाहीये, पण अर्ध्या शहराची समजूत तीच आहे. २८ जुलैला तीन जणांची समिती टाउन हॉलमध्ये लोकांचं म्हणणं ऐकणार आहे, आणि आमच्या गटातर्फे बोलणार कोण, तर मी.

गट म्हणजे अगदी नऊ जण. प्रमुख कोण माहितीये? तुमच्या शाळेतल्या पीटीच्या बाई. रिटायर झाल्या तरी शिट्टी गळ्यातच आहे. मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलायला लागले की वाजवतात. त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, "बंदूकवाल्यांची मुलगी ना तू? मग इकडे कशी?" मी म्हटलं, म्हणूनच इकडे. त्यांना ते इतकं आवडलं की आता सगळीकडे माझी ओळख तशीच करून देतात. लोक माना डोलावतात. मला आधी भारी वाटायचं.

तर तुझं पान. तो क्रेनवाला, नर्सबाईंचा नवरा, बंदूक न्यायला आला तेव्हा काउंटरवर तू होतास. तो काय बोलला, किती वेळ थांबला, कसा दिसत होता, एवढंच लिही. माझ्याकडे आकडे आहेत, तक्ते आहेत, बावीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन आहे. पण त्याला समोरून पाहिलेला माणूस फक्त तू आहेस.

घरचं विचारणार नाहीस, तरी सांगते. बाबा दुकान उघडतात, बसतात, बंद करतात. आईने तुझ्या खोलीत शिवणयंत्र आणलंय, पण तुझी कॉट हलवू देत नाही. त्यामुळे शिवताना तिचं कोपर भिंतीला घासतं. मी म्हटलं कॉट सरकवू या. म्हणाली, "माझं कोपर आहे, तुला काय त्रास?"

तुझा पत्ता बोटींच्या वर्कशॉपमधल्या तुझ्या त्या मित्राकडून काढला. त्याच्यावर डाफरू नकोस. मी त्याला चार दिवस सळो की पळो करून सोडलं होतं.

तुझं इंजिन

(तूच ठेवलेलं नाव. थांबत नाही म्हणून. आता बरंच थांबते.)


१९ जून

दादा,

पत्र नाही आलं, पण पोचपावती आली. तुझी सही बघून मी ती पावती आईला दाखवली. तिने चष्मा लावून वाचली, जसं काही तिथे पानभर मजकूर आहे. "शेपटी अजून तशीच काढतो," म्हणाली, आणि पावती स्वतःकडे ठेवून घेतली. म्हणजे तुझं एवढं तरी काम झालं.

मी समितीसाठी निवेदन लिहायला घेतलंय. मराठीतच वाचायचं आहे, आणि माझं मराठी कसं आहे तुला माहितीये. शाळेत त्या तासाला मी खिडकीतून व्हॉलीबॉल बघायचे. म्हणून एक भाग तुला पाठवते. कामाचं काही चुकलं असेल तर सांग. समितीतल्या लोकांना आपल्या दुकानाची पद्धत काय माहीत असणार, त्यामुळे अगदी पहिल्यापासून लिहिलंय:

"माझे वडील तीस वर्षं बंदुका दुरुस्त करतात. बंदूक दुकानात आली की ते पहिल्यांदा तिची फायरिंग पिन काढतात. पिन म्हणजे गोळीच्या मागे ठोका देणारा लहानसा लोखंडी तुकडा. ती नसेल तर बंदूक नुसतं लोखंड. प्रत्येक पिन एका वेगळ्या गोल डबीत जाते आणि मालक आल्यावरच, त्याच्यासमोर, परत बसवली जाते. त्याआधी वडील गिऱ्हाईकाला स्टुलावर बसवतात आणि पाच मिनिटं गप्पा मारतात. झोप लागते का, घरी कोण कोण आहे, काम कसं चाललंय. एखाद्याचं लक्षण ठीक वाटलं नाही, तर ते म्हणतात, 'पिन खराब झाली होती, नवी मागवलीय, अजून आली नाही, आठवड्याने या.' पिन डबीतच असते. अशा डबीवर ते लाल धागा गुंडाळतात, म्हणजे दुकानातल्या दुसऱ्या माणसानेही ती द्यायची नाही. बहुतेक वेळा आठवड्याने आलेला माणूस वेगळा असतो. दोनदा तर माणूस आलाच नाही, त्याची बायको आली आणि म्हणाली, ती तुमच्याकडेच राहू द्या."

बरोबर आहे ना? हे सगळं मला कधी कळलं माहितीये? नर्सबाई गेल्यानंतर. घरात बाबांनी दुकान कधी आणलंच नाही. मी दहाव्या वर्षापासून होस्टेलवर. ती भाषा तुमच्या दोघांचीच होती. मला वाटायचं धागे म्हणजे... काय वाटायचं ते जाऊ दे. जुने होते, मळलेले होते.

बाजारपेठेत आम्ही टेबल लावतो, सह्या घ्यायला. कॅप्टन रोज येऊन भांडून जातात. आपल्या शेजारचे कॅप्टन, बोटीवरचे. सही करत नाहीत, पण खुर्ची मागून घेतात. काल म्हणाले, "हजारात एक माथेफिरू, त्याच्यापायी नऊशे नव्व्याण्णव शहाण्यांना रांगेत उभं करणार तुम्ही." पीटीच्या बाई म्हणाल्या, "मी जन्मभर लोकांची पोरं रांगेत उभी केली. एकही मेलं नाही."

सगळे हसले. कॅप्टन हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या घरात चोर शिरले तेव्हा पोलीस पन्नास मिनिटांनी आले. बायको खुर्चीतून उठू शकत नाही माझी. पन्नास मिनिटं मी दारात ती बंदूक घेऊन उभा होतो. ती दुरुस्तीला गेलेली असताना ते परत आले, तर सात दिवस मी काय घेऊन उभा राहू? तुमचा कागद?" 

माझ्याकडे उत्तर होतं, आकड्यासकट. ते न देता मी त्यांची खुर्ची सावलीत सरकवून दिली.

पान लिही ना, दादा.


४ जुलै

दादा,

आज नर्सबाईंची आई टेबलावर आली.

मी तिला पहिल्यांदा जवळून पाहिलं. छोटीशी बाई आहे, हातात वाचनालयाची पुस्तकं होती. कागद उभ्या उभ्या पूर्ण वाचला, मागची बाजू पण. सगळे सही करतात, वाचत कोणी नाही. मग तिने विचारलं, "सात दिवस कुणी ठरवले? सहा का नाही? दहा का नाही?" पीटीच्या बाई काहीतरी बोलल्या. मी पेन पुढे केलं. तिने सही केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बंदूकवाल्यांची ना. तुझ्या भावाचं काय झालं?"

मी म्हटलं, तो दुसरीकडे असतो.

ती म्हणाली, "मी त्याच्याबद्दल वाईट बोलले होते तेव्हा. सगळ्यांसमोर. कळव त्याला, मी बोलले होते." माफी वगैरे नाही मागितली. मागायची होती की नव्हती, मला नाही कळलं. मी फक्त कळवतेय.

तक्रारीचं तुला माहीत आहे का? तिच्या मुलीने, नर्सबाईंनी, त्या गोळीच्या दहा दिवस आधी पोलिसांत लिहून दिलं होतं, की नवरा मारतो, म्हणून मी आईकडे राहायला आलेय. तो कागद चौकीत फायलीत, आणि चौकी आपल्या दुकानापासून चालत चार मिनिटांवर. मी हे प्रेझेंटेशनमध्ये नकाशा काढून दाखवते. एक लाल ठिपका, एक निळा ठिपका. लोक या स्लाइडला फोन खाली ठेवतात. पण मी ती दाखवताना प्रत्येक वेळी मला आठवतं की बाबांना तो कागद न बघताही कळलं होतं. तो क्रेनवाला बंदूक टाकायला आला तेव्हा स्टुलावर बसलाच नव्हता. कधी मिळेल, कधी मिळेल, दोनदा विचारलं त्याने. बाबांनी लगेच धागा बांधला होता.

बाबा म्हणतात, मी टाउन हॉलला येणार नाही. मी म्हटलं, तुम्ही तीस वर्षं जे केलं तेच आम्ही कायद्यात आणतोय. तर म्हणाले, "कायदा दिवस मोजेल. माणसाकडे कोण बघणार?" मग म्हणाले, "आता मीही बघत नाही." खरंय ते. आता ते कुणालाच पिन देत नाहीत. सगळ्यांना सांगतात, आलेली नाही. भिंतीवर डब्यांची रांग वाढत चाललीय. गिऱ्हाईकं वैतागून तशीच बंदूक घेऊन जातात आणि दुसरीकडून पिन घालून घेतात, ते तर अजून वाईट. बाबांना हे कळतं. तरी.

भिंतीवरचा तो रॅक मी लावला होता, हे तुला आठवत असेलच.

आज इतकंच.


६ जुलै

दादा,

परवाचं पत्र रजिस्टर करून दिलं आणि पोस्टाच्या खिडकीपाशीच उभी राहिले. परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. कारण शेवटच्या ओळीनंतर जे लिहायला हवं होतं ते न लिहिताच मी पाकीट चिकटवलं. गेली दोन वर्षं मी हेच करतेय. शेवटच्या ओळीपर्यंत येते आणि चिकटवून टाकते.

आता एका दमात लिहिते. मध्ये थांबले तर राहून जाईल.

परीक्षा संपवून मी घरी आले होते. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस होता, आई त्यांच्याबरोबर दोन दिवस हॉस्पिटलात. तू काउंटरवर. मला काहीतरी करायचं होतं, मी नेहमी काहीतरी करायला निघालेली असते. मागच्या खोलीत त्या सगळ्या डब्या एका खोक्यात होत्या, तेलकट, वरती बाबांच्या हातचे आकडे, जे फक्त बाबांना लागतात. मी म्हटलं, सरप्राइज देऊ. सगळ्या डब्या साबणाने धुतल्या, एकेकीतली पिन बाजूला ठेवून, अजिबात अदलाबदल न करता, त्याचा मला किती अभिमान वाटला होता. रजिस्टर बघून लेबलं छापली. नाव, नंबर, फोन. रॅक ठोकला. अकरा डब्यांवर घाणेरडे लाल धागे होते. मला वाटलं झाकण सैल आहे म्हणून बांधलेत. काढून टाकले. झाकणं घट्टच होती. तरी मला काही वाटलं नाही.

तू रॅक बघून काय म्हणालास आठवतं? "वा, इंजिन. आता एका मिनिटात सापडेल."

दुसऱ्या दिवशी तो आला आणि तुला त्याची डबी एका मिनिटात सापडली.

त्या दिवशी जेवताना तू सहज म्हणालास, एक गिऱ्हाईक आलं होतं, दोन ग्लास पाणी प्यायलं, थँक्यू म्हणून गेलं, हल्ली थँक्यू कोण म्हणतं. मी तेव्हा तुला मीठ दे म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, हॉस्पिटलबाहेरच्या बसस्टॉपवर, ड्यूटी संपवून नर्सबाई उभ्या होत्या.

बाबा डोळ्याला पट्टी बांधून स्वयंपाकघरात बसले होते. त्यांना महिनाभर धुळीत जायचं नव्हतं, त्यामुळे रॅक त्यांनी पाहिलाच नव्हता. "डबीवर धागा होता," ते म्हणाले. तू म्हणालास, "नव्हता." ते म्हणाले, "माझ्या हाताने बांधलाय. फोनवर बोलत असशील, बघितला नसशील." तू परत म्हणालास, नव्हता. आणि तेव्हा, दादा, त्या क्षणी मला कळलं धागा म्हणजे काय. तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मी ओट्यावरचं भांडं उचलून घासायला लागले. ते स्वच्छ होतं.

तुला तेव्हाच कळलं होतं, हो ना? दोन दिवस पोलिसांनी तुला बसवून ठेवलं, कागद बरोबर आहेत म्हणून सोडलं, आणि शटरवर कुणीतरी रंगाने लिहून गेलं. तरी तू एक अक्षर बोलला नाहीस. मी वाट बघत होते की तू बोलशील. खरं सांगते, तू बोललास तर मी हो म्हणेन, असं मी ठरवलं होतं. तू बोलावंस म्हणून थांबले होते मी. मग तू बॅग भरलीस.

मी गटात कशाला गेले, ते आता तुला कळलंच असेल. लोकांना वाटतं धाडसी मुलगी.

अकरा धागे माझ्या कंपासपेटीत आहेत. फेकता येत नाहीत.


२० जुलै

दादा,

पोचपावती आली. या वेळी सहीला शेपटी नव्हती. आईच्या लक्षात आलं, माझ्याही आलं.

मी बाबांना सांगितलं. रविवारी सकाळी दुकानात गेले आणि कंपासपेटी त्यांच्या टेबलावर ठेवली. ते एका पात्याला कानस लावत होते. उघडून बघितली. धागे मोजले. खरंच मोजले, बोटाने एकेक सरकवून. "अकरा," म्हणाले. "मी दहाच धरले होते."

म्हणजे त्यांना माहीत होतं.

पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हाच, म्हणाले. रॅक दिसला, छापील लेबलं दिसली, डब्यांना साबणाचा वास. "तुझ्या भावाला असं सुबक काही जमतं का? त्याच्या हाताला वळण कुठे आहे?" असं म्हणाले, आणि जरासे हसले, आणि मला ते हसणं अजिबात सहन झालं नाही.

मी विचारलं, मग दादाला बोलावलं का नाही?

कितीतरी वेळ कानस चालूच ठेवली. मग म्हणाले, "बोलावून काय सांगू? त्याची चूक नाही म्हटलं, तर मग कुणाची, ते सांगावं लागलं असतं. तो गेला होता. तू घरात होतीस. एक गेलेलाच होता, दुसरंही घालवू?"

म्हटलं, बाबा, हे बरोबर नाही.

"नाहीच," म्हणाले. "मला कुठे बरोबर वाटतं?"

तुला हे लिहू की नको, तीन दिवस विचार केला. तुला राग येईल, यायलाच हवा. पण आता मी काहीही चिकटवून टाकणार नाही.

निवेदनाचे आता दोन कागद झालेत. एक जुना, पद्धत, आकडे, नकाशा. आणि एक खरा. पीटीच्या बाईंना मी खरा दाखवला. त्यांनी शिट्टी दोन बोटांत धरली आणि पूर्ण वाचला. म्हणाल्या, "हे वाचलंस तर आपण हरू शकतो. कळतंय ना?" मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "नाही वाचलंस तर तुझा भाऊ हरलेलाच राहतो. ते तुझं तू बघ. मी खेळ शिकवला, हे नाही शिकवलं."


२९ जुलै

दादा,

खरा वाचला.

टाउन हॉल भरला होता. पंखे आवाज करत होते, माईक खाली-वर होत नव्हता, मला वाकून बोलावं लागलं. मी सुरुवात तुझ्यापासून केली. की त्या दिवशी काउंटरवरच्या माणसाने काहीही चूक केली नाही, डबीवर धागा नव्हता, कारण तो मी काढला होता. पुढचं मी न बघता बोलले. स्लाइड्स लावल्याच नाहीत.

बंदूकमालक संघटनेचा वकील उठला. चांगलं बोलतो, आवाज चढवत नाही. म्हणाला, "म्हणजे या ताईंच्याच सांगण्याप्रमाणे, दुकानाची पद्धत उत्तम होती. नवा नियम कशाला हवा? घर आवरायचा उत्साह थोडा कमी असता, तर आज आपण इथे जमलोच नसतो." थोडेजण हसले. मोठ्याने नाही. मला वाटलं कॅप्टन पण हसतील. ते खाली बघत होते.

मग मागून कुणीतरी बोललं, "मला दोन मिनिटं द्या." बाबा. कधी आले माहीत नाही, दुकानाचा अ‍ॅप्रन तसाच, हाताला तेल. माईककडे आलेच नाहीत, दारापाशी उभे राहूनच बोलले. "वकीलसाहेब, पद्धत उत्तम होती असं मलाही वाटायचं. पण तो धागा बांधायचा अधिकार मला कोणी दिला होता? कोणी नाही. मी गिऱ्हाईकाशी खोटं बोलायचो. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून माझ्या पोरीला वाचता आलं नाही. लिहिलेलं असतं तर तिने पुसलं नसतं. तिला लिहिलेलं सगळं पाळायची सवय आहे." मग त्यांनी समितीकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्या मुलाला मी खोटं ठरवलं. ते तुमच्या कागदात घ्या." आणि गेले. टाळ्या वगैरे नाहीत. एक खुर्ची सरकली, बास.

निर्णय पुढच्या महिन्यात. पीटीच्या बाई म्हणतात, कठीण आहे. बाहेर आल्यावर त्यांनी माझा खांदा धरला. "उद्यापासून टेबलावर येऊ नकोस. रागावून नाही सांगत. लोक तुझ्याकडे बघतील, कागदाकडे बघणार नाहीत." मी हो म्हटलं. बरोबरच आहे. सकाळपासून मला काय करावं सुचत नाहीये. आज बाजारपेठेतून दोन फेऱ्या मारल्या, टेबलाच्या उलट्या बाजूने. आपल्या शटरवर अजून कुणी काही लिहिलेलं नाही. मी जाऊन बघून आले.

बाबा आज दुकानात बसले नाहीत. घरात बसून तुला पत्र लिहितायत. सकाळपासून फक्त तारीख लिहून झालीय. आई म्हणाली, लिहू देत, त्यांचा वेग तोच आहे. आणि तुझ्या कॉटवरची कपड्यांची चळत उचलून तिने खुर्चीवर ठेवली. काही विचारू नकोस, मीही विचारलं नाही. तू येशील असं मी धरून चाललेली नाही. तुझं नाव मोकळं झालं म्हणून तुझी दोन वर्षं परत येत नाहीत, इतकं मला कळतं.

पण एक गोष्ट राहिलीय, आणि ती मी तुझ्याशिवाय कुणाला विचारू शकत नाही.

हॉलच्या पायऱ्यांवर नर्सबाईंची आई माझी वाट बघत उभी होती. मला वाटलं, आता ही मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "धागा असता, तर तुझ्या वडिलांनी त्याला आठवड्याने बोलावलं असतं?"

मी म्हटलं, हो.

"आणि आठवड्याने तो आला असता, बरा दिसला असता, तर दिली असती?"

मी म्हटलं, बहुतेक.

"मग मला सांग," ती म्हणाली. "तुझा तो सात दिवसांचा कागद, त्यावर मी सही केली. घरी जाऊन रोज विचार करते. सात दिवसांनी माझी पोर वाचली असती, की आठव्या दिवशी गेली असती?"

आकडे होते माझ्याकडे, दादा. किती टक्के लोकांचा राग किती दिवसांत उतरतो, सगळं पाठ आहे. तिला टक्केवारी नको होती, तिला एक माणूस हवा होता, तो एकच. ती रेलिंगला धरून हळूहळू उतरून गेली. परत येईल. ती मागची बाजूसुद्धा वाचणारी बाई आहे.

त्या माणसासमोर फक्त तू उभा होतास. तू त्याला पाणी दिलंस, दोन ग्लास, आणि तो थँक्यू म्हणाला. एवढी तहान लागलेला माणूस सात दिवसांनी परत आला असता तर तसाच आला असता, की थोडा तरी निवलेला? पान नको लिहूस, समितीसाठी नको, माझं मन राखायला तर अजिबात नको. तू त्याचा चेहरा बघितलायस, दादा. तुला काय वाटतं?